भांडू द्यावं का त्यांना?

घरात दोन मांजरी आहेत हे कळलं की ओळखीतलं कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच: "आमची दोघं कालपर्यंत एकमेकांना चाटत होती, आज एकमेकांच्या अंगावर धावून जातायत. भांडू द्यायचं का? आपापसात जमवून घेतील ना?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही, भांडू देऊ नका. लगेच वेगळं करा, आणि नुसतं तासाभरासाठी नाही.

पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकेतलं रानमांजर. एकट्याने शिकार करणारं, आपला इलाखा राखून राहणारं. कळपात राहणाऱ्या प्राण्यांना भांडण मिटवून पुन्हा एकत्र नांदावं लागतं. रानमांजराला ती गरजच पडली नाही, ते सरळ लांब निघून जातं. घरात मात्र लांब जायला जागा कुठे असते? हरलेलं मांजर पलंगाखाली अडकतं, दुसरं दाराशी बसून राहतं, आणि प्रत्येक भांडणागणिक दोघांच्या मनातली भीती पक्की होत जाते.

आधी हे भांडण आहे की खेळ, ते पाहा. खेळात पाळीपाळीने पाठलाग होतो, नखं आत असतात, आवाज फारसा नसतो. कान मागे चपटे, शेपटी फुललेली, गुरगुर, किंचाळणं, जमिनीवर केसांचे पुंजके आणि दर वेळी पळणारं मांजर एकच, असं दिसलं तर तो खेळ नव्हे. पुष्कळदा भांडण ऐकूही येत नाही. एक मांजर नुसतं टक लावून बघतं आणि दुसरं लिटर बॉक्सकडे, म्हणजे शी-शूच्या ट्रेकडे, जायचं सोडून देतं. मला आरडाओरड्यापेक्षा या मुक्या दडपशाहीची जास्त काळजी वाटते, कारण ती महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

वर्षानुवर्षं गोडीने राहणारी जोडी अचानक बिघडली तर बरेचदा दोष दोघांतल्या कुणाचाच नसतो. खिडकीबाहेर परका बोका दिसतो, त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, आणि सगळा राग शेजारी बसलेल्यावर निघतो. नाहीतर एक जण दवाखान्यातून औषधांचा वास घेऊन परत येतं. आमच्या दोघी सख्ख्या बहिणी. धाकटी दातांच्या उपचारांनंतर घरी आली तर थोरली तिच्यावर फिसकारली. मांजर ओळखतं ते मुख्यतः वासाने, आणि थोरलीच्या लेखी ही कुणी परकीच होती. तिसरं कारण दुखणं: दात, सांधे, वयस्क मांजरात थायरॉइड. म्हणून अचानक सुरू झालेल्या भांडणात पहिली फेरी डॉक्टरांकडेच. नसबंदी राहिली असेल तर तीही करून घ्या.

भांडण सोडवताना हात मध्ये घालू नका. मधे उशी किंवा जाड पुठ्ठा धरा. मांजराचे सुळे खोल जातात, वरून जखम बुजते आणि आत जंतू वाढतात. चावलंच तर जखम साबण-पाण्याने नीट धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पाण्याचे फवारे, ओरडणं, चापट हेही नको. त्या भीतीचा संबंध मांजर समोरच्या मांजराशीच जोडतं.

मग दोन खोल्या. प्रत्येकीत खाणं, पाणी, लिटर बॉक्स, लपायला जागा. चिडलेलं मांजर शांत व्हायला कधी काही तास लागतात, कधी काही दिवस. तोवर भेट नको. आधी वासाची ओळख होऊ द्या: अंथरुणं अदलाबदल करा, एकाच्या गालांवरून मऊ फडकं फिरवून ते दुसऱ्याच्या खोलीत ठेवा. गालांत गंधग्रंथी असतात, तिथला वास त्यांना आश्वस्त करतो. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, सुरुवातीला दारापासून लांब. दोघं निवांत खातायत असं दिसलं की वाट्या थोड्या जवळ. त्यानंतर जाळीतून किंवा फटीतून दर्शन, आणि शेवटी खेळणं हलवत छोट्या भेटी. कुणी खाणं थांबवून टक लावलं की एक पायरी मागे. याला आठवडे लागतात, कधी महिने. घाई केली की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

लिटर बॉक्स मांजरांच्या संख्येहून एक जास्त हवा, आणि वेगवेगळ्या जागी. शेजारीशेजारी ठेवलेले दोन बॉक्स अडवून बसायला एकच मांजर पुरतं. उंचावर बसायला जागा द्या, आणि कुठल्याही कोपऱ्यातून निसटायला दुसरी वाट राहील असं बघा.

इतकं करूनही काही जोड्या जमत नाहीत. डॉक्टर अशा वेळी औषधंही देतात, त्यांना घाबरू नका. तरीही एक मांजर रोज भीतीने अंग चोरून जगत असेल, तर घराचे दोन भाग करून त्यांना कायमचं वेगळं ठेवा, किंवा त्याच्यासाठी दुसरं प्रेमळ घर शोधा. असा निर्णय घेणाऱ्याला मी कधीही नावं ठेवणार नाही.