रविवारी पहाटे पाचला

आज तुला वैकुंठात पोचवून आलो. परवा रात्री तुझा मेसेज होता, 'रविवारी पाचला सिंहगड, उशीर करू नकोस.' त्यानंतर तासाभरात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या त्या उतारावर मागून ट्रक आला. ब्रेक लागलेच नाहीत म्हणे. डिझेल वाचवायला तिथे गाड्या न्यूट्रलवर सोडतात, आपणच कितीदा चिडून बोललोय यावर. आणि तुझं हेल्मेट नीट लावलेलं होतं रे.

काकूंनी माझा हात घट्ट धरून एवढंच विचारलं, "जेवला होता का तो?" मला सांगता आलं नाही.

मेसेजखाली माझं 'हो, नक्की' तसंच आहे. पाचचा गजर मी काढलेला नाही.