ईस्टरच्या लाँग वीकेंडला यॉर्कशायर डेल्स : आई-बाबांना घेऊन केलेल्या रोड ट्रिपचं प्लॅनिंग

आई-बाबा एप्रिल 2025 मध्ये आमच्याकडे इंग्लंडला येणार हे ठरलं आणि मी आधी कॅलेंडर उघडलं, कारण मला आणि नवऱ्याला ऑफिसमधून एकत्र सुट्टी मिळणं अवघड, पण ईस्टरला गुड फ्रायडे ते ईस्टर मंडे असे चार दिवस आयते मिळतात. ईस्टर त्या वर्षी 20 एप्रिलला होता. फोनवर बाबांचा पहिला प्रश्न, "दरवर्षी तारीख बदलते ती कशी काय?" मग सांगितलं की 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या नंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, त्यामुळे तो 22 मार्च ते 25 एप्रिल यात कधीही येतो. बाबांनी लगेच कालनिर्णय काढलं, म्हणाले हनुमान जयंती 12 तारखेला शनिवारी आहे, मग ईस्टर 13 ला का नाही? शोधलं तर चर्चच्या गणितात पौर्णिमा 13 ला म्हणजे नेमकी रविवारी पडत होती, आणि तसं झालं की पुढचा रविवार धरतात. बाबांना हे इतकं आवडलं की पुढे रोजच्या फोनवर ट्रिपची चौकशी सुरू झाली.

ही तारीख नुसती माहिती म्हणून नाही सांगत, सगळं प्लॅनिंग तिच्यावर असतं. 2024 मध्ये ईस्टर 31 मार्चला होता, त्याच पहाटे उन्हाळ्याच्या वेळेसाठी इथली घड्याळं एक तास पुढे गेली, आणि डोंगराळ भागात तेव्हा कडक थंडी असते. 20 एप्रिल म्हणजे संध्याकाळी आठच्या पुढेपर्यंत उजेड, कुरणांत नुकती जन्मलेली कोकरं, झाडांना पालवी. आई-बाबांना इंग्लंडचा ग्रामीण भाग दाखवायचा तर याहून चांगली वेळ नाही असं मला मनापासून वाटलं, म्हणून उत्तर इंग्लंडमधलं यॉर्कशायर डेल्स ठरवलं.

डेल म्हणजे खोरं. 1954 मध्ये हा भाग नॅशनल पार्क झाला. एकेक नदी, तिचं खोरं, मध्ये उंच माळ, आणि एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायला घाटरस्ते. माझी पहिली यादी भली मोठी होती, माल्हम, ग्रासिंग्टन, फाउंटन्स अ‍ॅबी, शिवाय पलीकडे लेक डिस्ट्रिक्टमध्येही एक चक्कर. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, आम्हाला एकच जागा नीट बघू दे. रोज बॅगा भरायच्या आणि गाडीत बसायचं, त्यात माझा गुडघा धरतो." आणि ती बरोबर बोलली, कारण लाँग वीकेंडला जेवढी ठिकाणं वाढतात तेवढे पार्किंगचे प्रश्न वाढतात. मग सगळं खोडून एकच खोरं घेतलं, वेन्स्लीडेल, मुक्काम हॉज गावाच्या आसपास, आणि जे काही बघायचं ते तिथून अर्ध्या-पाऊण तासाच्या आत.

घर बघायला मी जानेवारीतच बसले. ईस्टरला कॉटेजवाले बरेचदा एक-दोन रात्रींसाठी देत नाहीत, तीन किंवा चार रात्री घ्याव्याच लागतात, आणि चांगली घरं फार लवकर जातात. पण मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो जिन्यापायी. ही जुनी दगडी घरं दिसायला सुंदर, आत मात्र जिना अरुंद आणि उभा, आणि बेडरूम वर, बाथरूम खाली असंही असतं. फोटोत जिना कुणी दाखवत नाही. म्हणून मी प्रत्येक मालकाला सरळ मेसेज करायचे की वय झालेली माणसं आहेत, खालच्या मजल्यावर झोपायची खोली आणि टॉयलेट आहे का, दारात पायऱ्या किती, गाडी दाराशी येते का. एका मालकीणबाईंनी तर जिन्याचा आणि बाथरूमचा व्हिडिओ काढून पाठवला, तेच घर घेतलं.

गाडीचं म्हणाल तर आमची छोटी आहे, चार माणसं आणि बॅगा मावेनात, म्हणून भाड्याने मोठी घेतली. इथे लक्ष द्यायचं ते काउंटरच्या वेळांकडे. गावातली ऑफिसं सुट्टीच्या दिवसांत बंद किंवा अर्धा दिवस असतात, म्हणून गाडी गुरुवारीच उचलायची आणि परत मंगळवारी द्यायची असं केलं, एक दिवसाचं भाडं जास्त गेलं पण सोमवारी घाईघाईने परत धावायची कटकट गेली. क्रेडिट कार्डावर डिपॉझिट किती अडकवणार आणि अपघात झाला तर आपल्या खिशातून किती जाणार हे दोन आकडे आधी विचारून घ्या. बाबांना थोडी तरी गाडी चालवायची फार हौस होती. पाहुणे म्हणून आलेल्यांना भारतातल्या लायसन्सवर बारा महिन्यांपर्यंत चालवता येते, पण भाड्याच्या गाडीवर ज्यांचं नाव घातलंय त्यांनीच चालवायची आणि काही कंपन्यांत वयाची वरचीही मर्यादा असते. बाबांना नीट समजावलं, मग त्यांनी रस्त्याचा नकाशा बघायचं काम घेतलं आणि ते फार मन लावून केलं.

आता रस्ते. गुरुवारी संध्याकाळी आणि गुड फ्रायडेला सकाळी उशिरा मोटरवेवर येऊच नये असं माझं ठाम मत आहे. शाळांना सुट्टी असते, आणि रेल्वेही आपली मोठमोठी कामं याच वीकेंडला काढते त्यामुळे ट्रेनने जाणारेसुद्धा गाड्या काढतात. आम्ही शुक्रवारी पहाटे उजाडायच्या आत निघालो, ए1(एम) या मोटरवेने उत्तरेकडे, मग ए684 हा रस्ता धरून बिडेल, लेबर्न आणि पुढे खोऱ्यात. ज्या वेळी लोक नाश्ता करून निघतात त्या वेळी आम्ही खोऱ्यात पोचलो होतो आणि आई खिडकी खाली करून मेंढ्या बघत होती.

खोऱ्यात आलं की मैल मोजायचे नाहीत, वेळ मोजायचा. रस्त्याकडेच्या पाटीवर पांढऱ्या गोलात काळी तिरपी पट्टी असली की कायद्याने ताशी 60 मैलांपर्यंत जाता येतं, पण दोन्ही बाजूंना दगडी गडगे आणि पुढे वळण दिसत नाही तिथे 25-30 पुरे. एकच गाडी मावेल अशा अरुंद रस्त्यांवर समोरच्या गाडीला वाट द्यायला पासिंग प्लेस असतात, आपल्या डाव्या हाताला असेल तर आत शिरायचं, उजव्या हाताला असेल तर तिच्यासमोर थांबून समोरच्याला तिथे येऊ द्यायचं, गाडी तिकडे घालायची नाही. रिव्हर्स नीट येत नसेल तर आधी घराजवळ सराव करा. माळावर कुंपण नसतं आणि कोकरं आईमागे कधीही पळत सुटतात. मोबाइलची रेंज पण जागोजागी जाते, म्हणून नकाशा ऑफलाइन डाउनलोड केला, शिवाय बाबांसाठी कागदी घेतला, आणि पार्किंगसाठी सुटी नाणी ठेवली कारण रेंज नसेल तर अ‍ॅप चालत नाही.

खाण्याचं आधीच बघावं लागतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये 280 चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं ईस्टर संडेला कायद्याने बंद असतात, म्हणजे सगळी मोठी सुपरमार्केट्स. छोटी दुकानं उघडता येतात पण गावातलं दुकान उघडं ठेवायचं की नाही ती त्यांची मर्जी. गुड फ्रायडेला हे बंधन नाही, म्हणून वाटेत लेबर्नलाच दूध, भाज्या, ब्रेड, आईच्या औषधांबरोबर लागणारी बिस्किटं, सगळं घेऊन टाकलं. पबमध्ये रविवारचं जेवण करायचं होतं ते तीन आठवडे आधी टेबल सांगून ठेवलं, शाकाहारी दोघं आहेत हेही तेव्हाच सांगितलं.

दिवस ठरवताना मी एकच केलं, गर्दीची जागा सकाळी लवकर, दुपारी घराजवळ. शनिवारी लवकर रिबलहेडचा रेल्वेपूल, हॉजपासून साधारण दहा मैल. 24 कमानी, 1870 च्या दशकात बांधलेला, अजून त्यावरून गाड्या जातात, आणि रस्त्यावरूनच पूर्ण दिसतो त्यामुळे आईला चालावं लागलं नाही. बाबा रेल्वेतून रिटायर झालेत, ते तिथून हलेनात. मालगाडी पुलावरून जाईपर्यंत थांबलो, मीही घाई केली नाही, प्लॅनमध्ये मोकळा वेळ ठेवला होता तो याच्याचसाठी.

रविवारचं बाबांनी सुचवलं, "सण त्यांचा आहे तर देवळात जाऊन येऊ की." मला हे फार पटलं. इथे एक माहिती कामाची आहे, खेड्यांत एकच पाद्री चार-पाच चर्च सांभाळतात त्यामुळे प्रत्येक चर्चमध्ये दर रविवारी प्रार्थना असतेच असं नाही, ईस्टरच्या वेळा चर्चच्या फळ्यावर लावतात त्या आदल्या दिवशी बघून आलो. एस्गार्थच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये जर्वो या मोडलेल्या मठातून आणलेला कोरीव लाकडी पडदा, म्हणजे आडोशासारखी लाकडी भिंत, आहे. मागच्या बाकावर बसलो, सगळे उभे राहिले की उभे राहायचं, फोन बंद. बाहेर पडताना लोकांनी आई-बाबांचा हात हातात घेऊन हॅपी ईस्टर म्हटलं, आईला अगदी घरच्यासारखं वाटलं. चर्चपासून एस्गार्थचे धबधबे जवळच, युअर नदीचे तीन टप्पे आहेत, आईबरोबर आम्ही फक्त वरचा केला.

बटरटब्ज घाट मी राखीव ठेवला होता, हवा स्वच्छ असेल तरच. 2014 मध्ये टूर द फ्रान्सचे सायकलस्वार या घाटातून गेले होते, चढ चांगलाच आहे आणि धुकं असेल तर त्यात काही अर्थ नाही. रविवारी दुपारी आकाश मोकळं दिसलं तेव्हा गेलो, पलीकडे स्वेलडेल या शेजारच्या खोऱ्यात उतरलो, कुरणाकुरणात एकेक दगडी गोठा. बाबा म्हणाले गवत आणि गुरं एकाच ठिकाणी ठेवायची किती सोय केली आहे बघ.

परतीला सोमवारी दुपारी सगळे निघतात, म्हणून आम्ही सकाळी सातला घर सोडलं आणि जेवायला घरी होतो. 2026 चा ईस्टर 5 एप्रिलला आहे, म्हणजे थंडी जास्त, दिवस थोडा लहान. कुणी जाणार असेल तर घर जानेवारीतच बघा आणि जिन्याचा फोटो नक्की मागवा.