पंप म्हणजे कूलरचा नव्हे

मे महिन्यात नागपूरला आले की माझं पहिलं काम ठरलेलं असतं, गच्चीवरचा कूलर. यंदाही आल्या दिवशीच बाबांनी हातात पाना दिला. पंप पाणी चढवत नव्हता, टाकीच्या तळाशी बोटभर गाळ. मोठे काका खाटेवरून बघत म्हणाले, "तू तिकडं पंपावरच काम करते ना वं?"

मागच्या वर्षी मी त्यांना 'पंप-प्रोब' समजावून सांगितलं होतं. त्यातला पंप तेवढा लक्षात राहिला.

माझ्या पंपातून प्रकाश येतो. लेसरचा एक अतिशय छोटा स्पंद रेणूला धक्का देतो, तो पंप. त्याच्या मागून दुसरा, दुबळा स्पंद जाऊन रेणूची आता काय अवस्था आहे ते बघून येतो, तो प्रोब. दोघांतलं वेळेचं अंतर बदलत बदलत हेच सेकंदाला हजार वेळा. माझा रेणू अ‍ॅझोबेन्झीन. रंगानं नागपूरचाच म्हणावा, पक्का नारिंगी. सरळ असताना या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण ९ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). उजेड पडला की मध्ये मुडपतो आणि साडेपाचावर येतो. हे सगळं काही पिकोसेकंदांत उरकतं. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग, आणि त्याचाही हजारावा भाग म्हणजे फेमटोसेकंद. मुडपण्याआधीचा आणि नंतरचा रेणू कुणीही दाखवेल, मला वाटेतला हवा आहे.

फेमटोसेकंद म्हणजे किती, हे सांगायला एक ठरलेलं उदाहरण आहे. सेकंदाच्या तुलनेत तो जेवढा, तेवढाच एक सेकंद ३ कोटी १७ लाख वर्षांच्या तुलनेत. हे सांगितलं की आत्या "अगं बाई" म्हणते आणि पोळी उलटते. तिला काही कळलेलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

मला कळलं ते मिलिमीटरमध्ये. इतकं झटपट उघडमीट करणारा कॅमेराच नाही, आमचा डिटेक्टर तर या मानानं बैलगाडी. म्हणून वेळ मोजायचीच नाही, लांबी मोजायची. १०० फेमटोसेकंदांत प्रकाश जातो ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), केसाच्या जाडीहूनही कमी. प्रोबच्या वाटेतला आरसा १५ मायक्रॉन मागे सरकवला की जाऊन-येऊन ३० मायक्रॉन वाट वाढली, प्रोब १०० फेमटोसेकंद उशिरा पोचला. घड्याळ नाहीच, एक सरकता पाट आणि त्याच्यावर आरसे. अहमद झेवैल यांनी अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात १९८७ साली सायनोजेन आयोडाइडचा बंध तुटताना पाहिला, सुमारे २०० फेमटोसेकंदांत, तोही याच युक्तीनं. १९९९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं.

पण पाटावर शून्य कुठे? दोन्ही स्पंद नमुन्यात नेमके एकाच क्षणी पोचतात ती जागा, आमच्या भाषेत 'टाईम झिरो'. आधी ऑसिलोस्कोपवर ढोबळ अंदाज घ्यायचा. मग दोन्ही झोत ८०० नॅनोमीटरचे, लालच ठेवून बीबीओ नावाच्या स्फटिकात (दोन्ही एकाच क्षणी पोचले तरच तो त्यांच्यापासून मिळून जांभळा उजेड बनवतो) एकमेकांवर आणायचे, दिवे मालवायचे आणि पाट हळूहळू सरकवायचा. पलीकडे मी लग्नपत्रिकेचा तुकडा धरते, त्याचा पांढरा कागद जांभळ्या उजेडात छान चमकतो. दोन अंधूक लाल ठिपके दिसत असतात, बराच वेळ दुसरं काही नाही. मग एकदम त्यांच्या मधोमध जांभळा ठिपका उमटतो. पाट जरासा पुढे गेला की विझतो. तेच शून्य. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी पत्रिका खाली पाडली होती.

पहिल्या वर्षी हे शून्य माझ्या हातून अकरा दिवस हरवलं होतं. पडद्यावर सपाट रेघ. नमुना तीनदा बनवला, आरसे पुसले, लेसरला शिव्या घातल्या. शेवटी सर आले, टेबलाभोवती एक फेरी मारली आणि पंपच्या वाटेतल्या राखाडी फिल्टरकडे बोट दाखवलं. उजेड कमी करायला तो मीच लावला होता, २ मिलिमीटर जाड. "काचेत प्रकाश हळू चालतो, हे बारावीत असतं ना?" पंप साडेतीन पिकोसेकंद मागे पडला होता आणि मी पहिले दोनच पिकोसेकंद चाळत बसले होते. रोज, पंप पोचायच्या आधीचा रेणू. सरांनी पाट अर्धा मिलिमीटर सरकवला आणि रेघ उठली. मला आनंद व्हायला हवा होता, पण त्या दिवशी मी नुसती जेवून झोपले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांच्या स्कूटरवर कूलरचा नवा पंप आणायला सीताबर्डीला निघालो. ही गोष्ट त्यांना वाटेत सांगत होते. झिरो माईलपाशी त्यांनी गाडी हळू केली. "घे, हे शून्य. कधी हलत नाही." चार घोडे, खांब, आणि दगडावर कोरलेली गावागावांची अंतरं. हेवा वाटला. आमच्या प्रयोगशाळेत एसी तासभर बंद पडला तरी टेबल प्रसरण पावतं, आरसे कणभर हलतात आणि शून्य जागचं जातं.

पंप बसवला, वाळ्याच्या पडद्यावरून पाणी ठिबकायला लागलं, तेवढ्यात ज्युनिअरचा मेसेज आला. "ताई, सिग्नल गेला. काल होता."

मी लिहिलं, "पंपच्या वाटेत नवीन काच घातली का?"

"काय झालं वं?" काका. "पंप बिघडला?"

"तिकडचा, काका."

"मंग येथला जुना पाठवून दे."