तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांची जुनी लेन्स माझ्या नव्या कॅमेऱ्यावर बसेल का?

कपाटात बाबांचा नाहीतर काकांचा फिल्मचा कॅमेरा सापडतो. त्यावर धातूची, हातात भरीव वाटणारी लेन्स असते. मग मला विचारणा होते, ‘ही माझ्या नव्या कॅमेऱ्यावर बसेल का?’ दिवाळीच्या साफसफाईच्या दिवसांत तर हमखास. उत्तर देण्याआधी मी दोनच गोष्टी विचारते: लेन्स कुठल्या माउंटची (म्हणजे कॅमेऱ्याला अडकवायच्या कुठल्या जोडणीची) आहे, आणि नवा कॅमेरा कुठला. एवढं कळलं की उरते ती वजाबाकी.

लेन्स लांबच्या डोंगरावर फोकस केली की तिच्या मागे एका ठरावीक अंतरावर प्रतिमा उमटते, आणि फिल्म किंवा सेन्सर नेमका तिथेच असावा लागतो. म्हणून प्रत्येक माउंटसाठी, कॅमेऱ्याच्या तोंडावरच्या कड्यापासून सेन्सरपर्यंत किती अंतर ठेवायचं, हे पक्कं ठरलेलं असतं. निकॉनचा एफ माउंट १९५९ साली आला, त्याचं अंतर ४६.५ मिमी. पेंटॅक्सचा के माउंट आणि त्याआधीचा आट्यांचा एम४२, दोघांचं ४५.४६. मिनोल्टाच्या मॅन्युअल लेन्सचं ४३.५, कॅनन ईएफचं ४४ आणि त्याआधीच्या एफडीचं ४२. हे सगळे आकडे चाळीसच्या पुढचे आहेत, कारण या कॅमेऱ्यांच्या, म्हणजे एसएलआरच्या, पोटात आरसा असे आणि तो वर उचलला जायला जागा लागे. मिररलेसमध्ये आरसाच गेला आणि अंतर एकदम घटलं. सोनी ई १८ मिमी, फुजी एक्स १७.७, कॅनन आरएफ २०, निकॉन झेड १६.

आता वजाबाकी. लेन्सचं अंतर कॅमेऱ्यापेक्षा जास्त असेल, तर मधे मोकळी जागा उरते आणि तेवढ्याच लांबीचं धातूचं नळकांडं बसवलं की काम झालं. साधा अ‍ॅडॅप्टर म्हणजे हेच. कॅनन एफडी लेन्स सोनीवर लावायची तर ४२ वजा १८, म्हणजे २४ मिमी. निकॉन एफ लेन्स निकॉन झेडवर लावायची तर ३०.५. आत काच नसते, त्यामुळे लेन्सच्या प्रतिमेत काही भर नाही, काही उणं नाही. म्हणून तुमचा कॅमेरा मिररलेस असेल, तर फिल्मच्या एसएलआर काळातली जवळजवळ कुठलीही लेन्स बसते, असं मी बिनधास्त सांगते.

अडचण डीएसएलआरवाल्यांची, म्हणजे आरसा असलेले डिजिटल कॅमेरे वापरणाऱ्यांची होते, त्यातही निकॉनवाल्यांची. झेनिट या जुन्या रशियन फिल्म कॅमेऱ्यावरची ५८ मिमीची हेलिओस लेन्स बऱ्याच जणांकडे असते. ती एम४२ आट्यांची, अंतर ४५.४६, निकॉन डीएसएलआरचं ४६.५. उत्तर उणे येतं. अ‍ॅडॅप्टरची जाडी शून्य धरली तरी लेन्स सेन्सरपासून १.०४ मिमी जास्त दूर राहते. एवढ्याशा फरकाने काय होणार, असं वाटतं. पण ५८ मिमीच्या लेन्सला तेवढ्यानेही साधारण ३ मीटरपलीकडचं काही स्पष्ट दिसत नाही. अ‍ॅडॅप्टरच्या कड्याची जाडी धरली तर ही मर्यादा आणखी जवळ येते. लेन्स बसते, फिरते, खटका लागतो, पण सिंहगडावरून पुणे टिपता येत नाही. तेव्हा ‘बसेल का’ यापेक्षा ‘अनंतावर, म्हणजे अगदी दूरवर, फोकस होईल का’ हे विचारायला हवं. यावर उपाय म्हणून आत भिंग असलेले अ‍ॅडॅप्टर मिळतात. स्वस्तातले मी कोणालाच सुचवत नाही. जिच्या गोडव्यासाठी हा खटाटोप, त्या लेन्समागे हलकी काच लावून तो गोडवाच घालवायचा, याला अर्थ नाही. तीच हेलिओस कॅननच्या डीएसएलआरवर मात्र आनंदाने बसते, कारण तिथे दीड मिमीच्या आसपास जागा उरते. निकॉनच्या लेन्सही कॅनन डीएसएलआरवर चालतात, अडीच मिमीच्या कड्याने. उलट मात्र होत नाही.

या सगळ्यात मला सर्वात जास्त जिव्हाळा एफडी लेन्सचा. १९८७ साली कॅननने ईएफ माउंट आणला आणि एफडीची वाट तिथेच संपली. ४२ हे ४४ पेक्षा कमी, त्यामुळे कॅननच्याच लेन्स कॅननच्याच पुढच्या कॅमेऱ्यांवर काचेशिवाय अनंतापर्यंत जाईनात. काय सुंदर काच होती ती! मिररलेस आले आणि या लेन्सना पुन्हा कॅमेरे मिळाले. आज एफडीची ५० मिमी १.४ घरात असेल, तर ती विकू नका, अ‍ॅडॅप्टर घ्या.

बसली म्हणजे सगळं चालेल असं नाही. साध्या नळकांड्यातून वीज जात नाही, म्हणून ऑटोफोकस नाही. कॅमेऱ्याला समोर लेन्स आहे हेसुद्धा कळत नाही. मेन्यूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करावं लागतं, आणि बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) असेल तर लेन्सची फोकल लांबी हाताने भरावी लागते. ५० च्या जागी १३५ राहिलं तर फोटो उलट हलतो. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, लेन्सवरच्या रिंगने बदलायचं. एम४२ च्या बऱ्याच लेन्सना मागे एक छोटी पिन असते. ती दाबून धरणारी कड अ‍ॅडॅप्टरला नसेल आणि लेन्सवर ए-एम (ऑटो-मॅन्युअल) चा खटका नसेल, तर रिंग कितीही फिरवा, अ‍ॅपर्चर उघडंच राहतं. निकॉनच्या ‘जी’ प्रकारच्या लेन्सवर रिंगच नसते, त्यासाठी स्वतःची रिंग असलेला अ‍ॅडॅप्टर घ्यायचा. कॅनन ईएफचं अ‍ॅपर्चर तर पूर्ण विजेवर चालतं, तिला इलेक्ट्रॉनिक अ‍ॅडॅप्टरच हवा. एफ लेन्स झेडवर लावायचा निकॉनचा स्वतःचा अ‍ॅडॅप्टर, एफटीझेड, चांगला आहे, पण त्यात मोटर नाही; ज्यांना फोकससाठी बाहेरची मोटर लागते, त्या जुन्या एएफ-डी लेन्स त्यावर हातानेच फोकस कराव्या लागतात. हे विकणारा सांगेलच असं नाही.

हाताने फोकस करायची भीती मात्र सोडा. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधल्या काचेवर ते खरंच कठीण होतं. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये समोरच्या माणसाच्या पापण्यांचे केससुद्धा मोठे करून बघता येतात, शिवाय फोकसमधल्या कडा रंगाने उजळतात. दोन-चार दिवसांत बोटांना सवय होते.

सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, असेल तर ५० मिमी लेन्स ७५ मिमी होत नाही. लेन्स तीच राहते, फक्त प्रतिमेचा मधला भाग वापरला जातो. पूर्ण चौकट हवी असेल तर फोकल रिड्यूसर घ्या. त्यातलं भिंग ०.७१ पटीचं असतं, ते प्रतिमा आकसून सेन्सरवर आणतं आणि एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) उजेडही वाढवतं. आतल्या काचेबद्दल मी वर कडक बोलले, पण चांगला रिड्यूसर त्याला अपवाद आहे.

अ‍ॅडॅप्टर निवडताना दोन गोष्टी बघा. बसवल्यावर लेन्स डुगडुगता कामा नये, आणि नळीच्या आतून चकाकी नको. आत चकाकी असली की उजेडासमोर धरल्यावर फोटो पांढुरका पडतो. तेव्हा ‘जुन्या लेन्सचं असंच असतं’ म्हणतात, पण दोष नळीचा असतो. अनेक अ‍ॅडॅप्टर मुद्दाम केसभर आखूड बनवलेले असतात, म्हणजे अनंत नक्की गाठला जावा. त्यामुळे लेन्सवरच्या अंतराच्या आकड्यांवर विसंबू नका, पडद्यावर बघूनच फोकस करा. लेन्स जड असेल तर ट्रायपॉडवर लेन्सचं कॉलर (लेन्सभोवतीचं कडं) अडकवा, बॉडी नको.

पैसे खर्च करण्याआधी एक काम करा. लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून टॉर्च मारा आणि पुढून आत बघा. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळे काढलेल्या लेन्सच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी. कडेला थोडी असेल तर फोटोत काही कळत नाही. मधोमध पसरली असेल तर आधी लेन्स उघडून साफ करून घ्या, आणि उशीर करू नका, कारण बुरशी कोटिंगच कायमचं खराब करते. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात चौकशी करा. साफ झाल्यावर लेन्स चामड्याच्या पाकिटात कोंडू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि जेल ओलावलं की बदला.

धावणारी मुलं, लग्नातली धावपळ, पक्षी यांसाठी नव्याच लेन्स वापरा. जुनी लेन्स वापरायची ती आजीचा चेहरा, खिडकीतला उजेड, झाडाची फांदी यांच्यासाठी, जिथे फोकसची रिंग सावकाश फिरवायला वेळ आहे. ५० किंवा ५८ मिमीपासून सुरुवात करा, अ‍ॅपर्चर २.८ वर ठेवा आणि मग एकेक स्टॉप उघडत जा.