आमची वाटचाल: विम्याचं लिखाण, दाव्याच्या बाजूनं

आमची संस्था लहान आणि काम एकच: विम्याविषयी लिहिणं. माहितीपत्रकं, प्रपोजल फॉर्ममधले, म्हणजे विमा घेताना भरायच्या अर्जातले, प्रश्न, पॉलिसीसोबत जाणाऱ्या मार्गदर्शिका, दावा मंजूर किंवा नामंजूर झाल्याची पत्रं. पॉलिसीचा कायदेशीर मसुदा वकील करतात. त्याच्या आजूबाजूचं, जे विमेदाराच्या खरोखर नजरेखालून जातं, ते आम्ही लिहितो.

मी या धंद्यात दाव्यांच्या टेबलावरून आले. तिथं नोकरी करताना एक गोष्ट सतत दिसायची. पॉलिसी घेताना फारसं कुणी वाचत नाही; वाचतात ती नुकसान झाल्यावर. गोदाम जळालेलं असतं किंवा घरातलं माणूस नुकतंच गेलेलं असतं, आणि त्या अवस्थेत ते कागद पहिल्यांदा उघडले जातात. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र असतो तो हप्ता भरायला निघालेला निर्धास्त ग्राहक. ही तफावत मला सहन होईना. नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं ते एवढ्यासाठीच.

सुरुवातीची कामं एजंटांनी दिली, बहुतेक चार पानी माहितीपत्रकांची. संरक्षण कशाला आहे यासाठी साडेतीन पानं आणि कशाला नाही यासाठी शेवटच्या पानाचा तळ, अशी वाटणी ठरलेली असायची. आम्ही अपवाद वर आणले, फायद्यांच्या शेजारी आणि तेवढ्याच अक्षरात. विक्री घटेल असं बरेच जण म्हणाले. काही गिऱ्हाइकं त्यावरून गेली. प्रतीक्षा काळाचा, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर ज्या मुदतीत काही दावे मिळत नाहीत तिचा, उल्लेख तळटीपेत ढकला, असा एका कंपनीचा हट्ट होता. ते काम आम्हीच सोडलं. त्यानंतरचे काही महिने पगार वेळेवर देताना फार ओढाताण झाली. तरीही तो निर्णय मी आजही तसाच घेईन.

नवं माणूस कामाला आलं की मी त्याला आधी ‘कार्टर विरुद्ध बोहम’ हा १७६६ सालचा इंग्लंडमधला खटला समजावून सांगते. सुमात्रा बेटावरच्या फोर्ट मार्लबरोच्या गव्हर्नरसाठी, म्हणजे कार्टरसाठी, एक विमा उतरवलेला होता: किल्ला परकीय शत्रूनं घेतला तर भरपाई मिळावी. १७६० मध्ये फ्रेंचांनी तो घेतला. किल्ला कमकुवत आहे हे आम्हाला सांगितलंच नव्हतं, असं म्हणून विमा देणाऱ्यानं हात वर केले. न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी इथंच ते प्रसिद्ध तत्त्व मांडलं, की जोखमीबद्दल जे एकालाच ठाऊक आहे ते त्यानं दडवू नये. विमेदारानं माहिती लपवली म्हणताना आजही याच खटल्याचा दाखला दिला जातो. पण निकाल लागला होता कार्टरच्या बाजूनं! युद्धाची परिस्थिती विमा देणाऱ्याला लंडनमध्ये कळू शकत होती, तो विचारू शकत होता, आणि त्यानं न विचारता हप्ता घेतला होता. शिवाय सद्भावाचं हे बंधन दोन्ही बाजूंवर आहे, असं मॅन्सफिल्ड यांनी स्वच्छ सांगितलं.

आमच्या फॉर्मची घडण यातूनच ठरली. “तब्येत ठीक आहे ना?” असा प्रश्न आम्ही लिहीत नाही, कारण त्याला कुणीही प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणेल आणि पुढं तेच उत्तर त्याच्यावर उलटेल. रोजचं एखादं औषध चालू आहे का, गेल्या ५ वर्षांत रुग्णालयात राहावं लागलं का, असं नेमकं विचारतो. जे हवं ते विचारणं हे विचारणाऱ्याचं काम आहे.

आकड्यांचंही तसंच. मालाच्या विम्यात सगळ्यात जास्त मनस्ताप होतो तो कमी रकमेचा विमा घेतल्यामुळं, आणि अनेक पॉलिसींत तो नियम एका लांबलचक वाक्यात गुंडाळलेला असतो. आम्ही उदाहरण देतो. मालाची खरी किंमत १००, विमा ६० चा, नुकसान ३० चं. हातात ३० येत नाहीत. १८ येतात, कारण विमा किमतीच्या ६० टक्केच होता. छोट्या दुकानदाराला हे आगीनंतर कळून काय उपयोग?

सर्वांत अवघड लिखाण नामंजुरीच्या पत्राचं. पहिल्याच वाक्यात निर्णय, मग कोणत्या कलमामुळं, ते कलम जसंच्या तसं, कोणता कागद आणला तर फेरविचार होईल, आणि निर्णय मान्य नसेल तर तक्रार कुठं करायची. यातलं काहीही गाळलं तर माणसाला खेटे घालावे लागतात. प्रत्येक पत्र विम्याशी संबंध नसलेल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लावतो. वाचणारा अडखळला की ते वाक्य बदलायचं. वाद घालायचा नाही.

हे काम घरीही सोबत असतं. नात्यात लग्न झालं किंवा मूल झालं, की अभिनंदनाबरोबर मी नॉमिनीचं नाव बदललं का, हेही विचारते. काहींना ते अशुभ वाटतं. पण जुन्याच नावामुळं अडकलेले पैसे आणि त्यावरून दुरावलेली भावंडं मी टेबलापलीकडून पाहिली आहेत, त्यामुळं विचारायचं थांबवणार नाही.

सध्या आम्ही मृत्यू-दाव्याची मार्गदर्शिका नव्यानं लिहितो आहोत. पहिल्या पानावर कंपनीला कळवण्यासाठी लागणाऱ्या मोजक्या गोष्टी आहेत, आणि त्याखाली कोणते कागद थोडे थांबून दिले तरी चालतील त्यांची यादी. ही यादी पहिल्या पानावर नको, असं कंपनीच्या वकिलांचं म्हणणं आहे. तिथंच राहावी म्हणून आमचं त्यांच्याशी बोलणं चालू आहे. ते मिटलं की छपाई.