टॉप विदन्स: सगळा चिखल तुडवून गेल्यावर दिसलेली पाटी

पाटीपासूनच सुरुवात करते, कारण तिच्यापर्यंत पोहोचायला आम्हाला साडेतीन तास आणि बावीस पौंड लागले, आणि माझा डावा बूट जाता जाता वाचला.

इंग्लंडमध्ये वेस्ट यॉर्कशरला हावर्थ नावाचं गाव आहे. त्याच्या वरच्या माळावर, साधारण 420 मीटर उंचीवर, टॉप विदन्स हे पडकं शेतघर. शार्लट, एमिली आणि ॲन या तीन ब्राँटी बहिणी एकोणिसाव्या शतकात याच गावात राहून लिहायच्या. त्यांतल्या एमिलीच्या 'वुदरिंग हाइट्स' या कादंबरीतलं घर ते हेच, असं एम.ए.च्या वर्गात ऐकलं होतं, पंचवीस वर्षं तेच डोक्यात होतं. वर पोहोचलो तर छप्पर नाही, खोल्यांच्या नुसत्या भिंती, मेंढ्यांच्या लेंड्या आणि भिंतीत बसवलेली 1964 सालची पाटी. लावणारी खुद्द ब्राँटी सोसायटी. तिचा मतलब असा: या शेतघराचा संबंध एमिलीच्या कादंबरीतल्या घराशी जोडला जातो. पण ही इमारत धड उभी होती तेव्हाही त्या घराशी तिचं काही साम्य नव्हतं. माळावरची ही जागा मात्र लिहिताना एमिलीच्या मनात असू शकेल. खाली आणखी एक ओळ, बऱ्याच लोकांनी विचारणा केल्यामुळे ही पाटी लावत आहोत.

म्हणजे लोक इतके येत होते आणि इतकं विचारत होते की शेवटी सोसायटीलाच कंटाळून लिहावं लागलं, बाबांनो, हे ते घर नव्हे. मी पाटी दोनदा वाचली. भाची म्हणाली, "मावशी, परत वाचून बदलणार नाहीये ती."

भाची लीड्सला शिकते. तिच्या एका वर्गमित्राने छातीठोक सांगितलं होतं की गावातून वर जाऊन परत यायला अडीच तास पुरतात. तो स्वतः कधी गेलेला नाही हे आम्हाला नंतर कळलं. तुम्ही राजगड, हरिश्चंद्रगड सहज करत असाल तर 420 मीटर ऐकून हसाल. मीही हसले होते. चढ हा प्रश्नच नाही, प्रश्न पायाखालच्या जमिनीचा आहे. त्याचं सविस्तर पुढे सांगते.

लीड्सहून रेल्वेने अर्ध्या तासात कीथली. स्पेलिंगवरून केघली-बिघली म्हणू नका, कुणाला कळत नाही. कीथलीहून हावर्थला बस जाते आणि वाफेच्या इंजिनाची हौशी लोकांनी चालवलेली जुनी रेल्वेही जाते, पण ती मुख्यतः शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांत. आम्ही गेलो मंगळवारी. बस नुकतीच सुटली होती, बाहेर टॅक्सीवाला उभा होता. "ब्राँटी?" त्याने विचारलं. आमच्या तोंडावर लिहिलेलंच असावं. चारेक मैलांचे बावीस पौंड घेतले. बसने माणशी तीन पौंडांत काम झालं असतं. पुढच्या बससाठी वीस मिनिटं थांबायचा कंटाळा केला त्याची ही किंमत. तुम्ही थांबा.

हावर्थची मेन स्ट्रीट म्हणजे फरसबंदीचा उभा चढ, दोन्ही बाजूंना चहाची दुकानं आणि ब्राँटींच्या नावाचं काय वाटेल ते, साबणापासून बिस्किटांपर्यंत. फोटो छान येतात. पावसात दगड घसरतात. याहून जास्त त्या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं नाही.

वर चर्च, त्यामागे दफनभूमी आणि तिच्या पलीकडे ब्राँटींचं घर, म्हणजे त्यांच्या पाद्री वडिलांना राहायला मिळालेलं पार्सनेज. आता म्युझियम आहे, 1928 पासून. प्रत्येकजण आधी घरात शिरतो. तुम्ही शिरू नका. आधी माळावर जा, घर परतल्यावर. फक्त उघडण्याचे वार आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ आदल्या दिवशी तपासा, नाहीतर चिखलाने माखलेले तुम्ही बंद दारासमोर उभे राहाल.

पेनिस्टन हिलवरून ब्राँटी धबधब्यापर्यंतची वाट सोपी आहे, चारेक किलोमीटर. धबधब्याला धबधबा म्हणणं ही लोकांची माया. पावसाळ्यात ताम्हिणीतून गाडीने गेलेल्या माणसाने तिथे फार अपेक्षा ठेवू नये. समोरचा दगडी पूल जुना वाटतो, पण जुना पूल 1989 च्या पुरात वाहून गेला, हा नंतरचा. वाटेतल्या पाट्यांवर इंग्रजीखाली जपानी लिपी दिसते. इतके जपानी वाचक इथे येतात! मराठी पाटीची वाट बघू नका.

आणि एप्रिलमध्ये जाऊ नका. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर जो जांभळा माळ असतो तो हेदर नावाच्या झुडपाचा, आणि हेदर फुलतं ऑगस्टमध्ये. आम्हाला मैलोनमैल गोणपाटाच्या रंगाचं गवत दिसलं. एप्रिलमध्ये कासला जाऊन फुलं कुठेत विचारण्यासारखंच झालं ते.

आता तो पट्टा. पूल ओलांडला की दगडी पायऱ्यांची खडी चढण आहे. ती ठीक. त्यापुढे वाट माळाच्या कडेकडेने जाते आणि मध्येच फुटते. भाचीच्या फोनवर तुटक रेघेची एक वाट दिसत होती, सरळ वर जाणारी. "वीस मिनिटं वाचतील, मावशी." हातातल्या माहितीपत्रकात या भागाबद्दल एवढंच लिहिलेलं, काही ठिकाणी ओलसर. आपल्याकडे ज्याला ओलसर म्हणतात ते वेगळं. मावळात भातलावणीच्या वेळी खाचरात उतरलात तर कसा पाय जातो? तसा गेला. पहिल्यांदा घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत, तिसऱ्यांदा गुडघ्यापर्यंत, आणि पाय वर आला तो बुटाशिवाय. पालथी पडून, कोपरापर्यंत हात घालून मी तो बूट बाहेर काढला. माती काळी, चहाच्या भिजलेल्या चोथ्यासारखी, आणि थंड. भाची आधी हसली, मग तिचाही पाय गेला. शंभर-दीडशे मीटरचा तो तुकडा पार करायला आम्हाला पाऊण तास लागला.

ही जमीन माती नव्हेच. हजारो वर्षं नीट न कुजता साठलेलं शेवाळ आणि गवत आहे ते, पीट म्हणतात. पाणी स्पंजासारखं धरतं. मी केलेली चूक अशी की जिथे हिरवंगार दिसलं तिथे पाय ठेवला. उलटं करायचं. सगळ्यात पोपटी हिरवं असेल तिथे सगळ्यात जास्त पाणी असतं. तपकिरी, ताठ गवताचे झुबके आणि दगड, यांच्यावरूनच चला. काठी आणाच. घोट्याच्या वरपर्यंत येणारे, पाणी न झिरपणारे बूट आणा, मोज्यांचा जादा जोड आणा. आणि फोनवरच्या तुटक रेघेवर विश्वास ठेवू नका, मग ती वीस मिनिटं वाचवत असो की दोन तास. मळलेली वाट सोडली नसती तर आमचं हे काहीच झालं नसतं, हेही कबूल करते.

त्या चिखलात बसल्या बसल्या मला 'वुदरिंग हाइट्स'मधला भाडेकरू लॉकवुड आठवला. घरमालक हीथक्लिफच्या घरून बर्फात परतताना त्याला वाट सापडत नाही. चुना फासून उभे केलेले वाटेवरचे दगड बर्फाखाली गेलेले असतात आणि तो मानेपर्यंत बर्फात रुततो. तीनदा वाचलंय मी ते पुस्तक आणि तिन्ही वेळा वातावरणनिर्मिती म्हणून त्यावरून पुढे सरकले. एमिली शब्दशः रस्त्याची माहिती देत होती! घरी परतल्यावर कळलं की 2 सप्टेंबर 1824 ला इथूनच जवळ क्रो हिलवर पीट फुगून फुटलं होतं, चिखलाचा लोंढा खाली आला होता, आणि त्या वेळी सहा वर्षांची एमिली भावंडांबरोबर माळावर फिरायला गेलेली होती. वडिलांना तो भूकंप वाटला. त्यांनी त्यावर प्रवचनही केलं.

म्हणून पाटीबद्दलचा माझा राग वर फार वेळ टिकला नाही. घर खोटं असेल, पण वारा खरा होता. कान बधिर करणारा, पडक्या भिंतीच्या आडोशालाही न थांबणारा. आम्ही तिथे उकडलेली अंडी आणि शेंगदाण्याची चिक्की खाल्ली आणि मी उगाचच खूप खूश झाले. वर पोहोचल्याचा तो आनंद होता, त्यावर विसंबून कुणी जायचं ठरवू नये.

उतरताना पेनाइन वे नावाच्या पायवाटेने, स्टॅनबरी गावामार्गे या. फरसबंदी आहे, पुढे गाडीरस्ता. खरं म्हणजे गुडघे दुखत असतील तर जातानाही तिकडूनच जा आणि धबधबा सोडून द्या.

मग पार्सनेज. बूट दाराशी पुसून, थरथरत आत गेलो, आणि डाव्या-उजव्या दोन लहान खोल्या बघून दोघीही गप्प झालो. जेवणाच्या खोलीतलं ते टेबल! रात्री नऊनंतर तिघी बहिणी त्याच्याभोवती फेऱ्या मारत आपापलं लिखाण एकमेकींना सांगायच्या. चिखलातून आल्यावर त्या खोलीचा आकार कळतो. बाहेर तो माळ आणि आत एवढीशी जागा. शार्लटचा पोशाख पाहिला. बारा वर्षांच्या मुलीला बसावा एवढा. मुलांनी केलेली काडेपेटीएवढी पुस्तकं पाहिली, भिंग असतं तर बरं झालं असतं. भाऊ ब्रॅनवेलने काढलेलं तिघींचं प्रसिद्ध चित्र मात्र इथे शोधू नका, मूळ चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे.

खिडकीतून थडगी दिसतात. 1850 मध्ये बॅबेज नावाच्या इन्स्पेक्टरने गावाच्या पाण्याची आणि गटारांची तपासणी केली, तेव्हा इथलं मृत्यूचं सरासरी वय निघालं 25.8 वर्षं. हा आकडा वाचून मग तारखा बघा. ब्रॅनवेल सप्टेंबर 1848, एमिली डिसेंबर 1848, ॲन मे 1849. नऊ महिन्यांत तीन. शार्लट 1855 ला गेली, एकोणचाळीस पूर्ण व्हायच्या आत. वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे होऊन 1861 ला गेले, सहाही मुलांच्या मागे.

पण मी तिथून बाहेर पडले ती या मरणांचा विचार करत नव्हे, पैशांचा. तिघींनी 1846 मध्ये मावशीच्या वारशातून खर्च करून, पुरुषी वाटतील अशा नावांनी कवितांचं पुस्तक छापलं. दोन प्रती खपल्या. पुढच्या वर्षी 'वुदरिंग हाइट्स' आणि ॲनची 'ॲग्नेस ग्रे' या कादंबऱ्या छापायला न्यूबी नावाच्या प्रकाशकाने एमिली आणि ॲनकडून पन्नास पौंड आधी घेतले, आणि परतीचं ठरलेलं असून टाळाटाळ केली. माझे बावीस पौंड त्यापुढे किरकोळ. लोक या पुस्तकांना प्रेमकथा म्हणतात. मला आता वाटतं, ती टिकली आहेत ती डोक्यावरचं छप्पर कुणाचं आणि हातातला पैसा कुणाचा, या हिशोबावर. शार्लटच्या कादंबरीतल्या जेन एअरला वारशाने वीस हजार पौंड मिळतात, ती त्याचे चार समान वाटे करते आणि मगच प्रियकर रॉचेस्टरकडे परतते. हीथक्लिफ सूड घेतो तो गहाणखतं करून. ॲनच्या 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल'मधली हेलन दारुड्या नवऱ्याला सोडून मुलाला घेऊन पळते, चित्रं विकून पोट भरते, आणि 1848 साली जो कायदा चालू होता त्याप्रमाणे त्या चित्रांचा पैसासुद्धा त्या नवऱ्याचाच! विवाहित बाईची कमाई तिची मानणारा कायदा यायला 1870 उजाडलं. हे वाचायला यॉर्कशरचं असावं लागत नाही. माझ्या आजीने पाटल्या कुठे लपवून ठेवल्या होत्या ते मला माहीत आहे.

बाकीचे दिवस थोडक्यात. मँचेस्टरला शार्लटची मैत्रीण आणि चरित्रकार, कादंबरीकार एलिझाबेथ गॅस्केलचं घर, 84 प्लिमथ ग्रोव्ह. शार्लट इथे पाहुणी आली असताना कुणी भेटायला आलं म्हणून पडद्यामागे लपली होती. घर सुरेख, ऊन होतं, चहा चांगला होता. जा.

नुनीटनला जॉर्ज एलियटसाठी, म्हणजे पुरुषी टोपणनावाने लिहिणाऱ्या त्या काळच्या कादंबरीकार बाईसाठी, जाऊ नका. तिचं लहानपण गेलं ते ग्रिफ हाउस आज हॉटेल-रेस्टॉरंट आहे. आम्ही तिथे वाटाणे आणि बटाटे खाल्ले आणि परत आलो. चौकात पुतळा आहे, तो पाच मिनिटांत होतो. त्यापेक्षा लंडनच्या हायगेट दफनभूमीत जा, पूर्वेकडच्या भागात, कार्ल मार्क्सपासून जवळच तिचं थडगं आहे. विवाहित माणसाबरोबर उघडपणे राहिल्यामुळे तिला 1880 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत, म्हणजे नामवंतांना पुरतात त्या चर्चमध्ये, जागा मिळाली नाही, तिथे स्मृतिशिला बसायला 1980 साल लागलं. ब्राँटींची पाटी तिथे आधीपासून होती, पण नावातल्या शेवटच्या अक्षरावरचे दोन ठिपके गाळून. ते ठिपके 2024 मध्ये घातले.

स्कारबरोला, ॲनच्या थडग्यापाशी, आम्ही गेलोच नाही. माझे पाय संपले होते. दगडावर तिचं वय एक वर्षाने चुकवून अठ्ठावीस कोरलेलं आहे, ते बघायचं राहिलं.

जाण्याआधी काय वाचावं, हे भाचीने परतीच्या बसमध्ये विचारलं. उशीर झाला होता, पण उत्तर तुमच्या कामाचं आहे. 'वुदरिंग हाइट्स' माळाआधी वाचू नका, नंतर वाचा. आधी 'टेनंट' वाचा, कारण कुणीच वाचत नाही. 'ॲग्नेस ग्रे' पातळ आहे, सामानात मावतं, लंडन ते लीड्स गाडीत अर्धं होतं. भाचीने लगेच फोनवर उघडलं आणि कीथली येईपर्यंत मान वर केली नाही. मी शेजारी बसून मोजे पिळत होते.