गुरूच्या वाटेवरची धूळ: राहू-केतू हलले

गुरूच्या कक्षेतली धूळ कशी फिरते, ते मी संगणकावर चालवून बघतोय. मागच्या वेळी गुरूच्या पुढे 60 अंशांवर, एल4 पाशी (सूर्य आणि गुरू यांच्या ओढीत छोटी वस्तू टिकून राहू शकते ती जागा) ठेवलेला कण पहिल्या काही फेऱ्यांतच पसार झाला. चूक माझीच. गुरूच्या अंतरावर (5.2 खगोलीय एकक, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या 5.2 पट) गुरूच्याच वेगाने सोडला होता. पण 3 मायक्रॉन त्रिज्येच्या कणावर सूर्यप्रकाशाचा दाब गुरुत्वाच्या जवळपास दशांश असतो. सूर्याची पकडच तेवढी सैल. म्हणून 11.86 वर्षांत फेरी पुरी करायला त्याला 5.03 वर यावं लागतं. तिथे ठेवला आणि गडी रमला. एल4 भोवती राहणाऱ्या ट्रोजन लघुग्रहांसारखे दीडशेक वर्षांचे हेलकावे घेतोय.

मग विद्युतभार घातला. हे प्रकरण डोक्यात शिरलं ते पिंपळगावला मामांच्या द्राक्षबागेत. त्यांचा इलेक्ट्रोस्टॅटिक ब्लोअर औषधाच्या बारीक थेंबांना भार देतो, आणि थेंब खाली पडायचे सोडून पानाच्या पाठीलाही चिकटतात. जितकं बारीक, तितकी भाराची सत्ता. धुळीला भार देतात सूर्याचे अतिनील किरण: इलेक्ट्रॉन उडतात, कण साधारण 5 व्होल्टवर जातो. सौरवारा, म्हणजे सूर्याकडून वाहणारे भारित कण, 400 किमी प्रतिसेकंद वेगाने चुंबकीय क्षेत्र वाहून नेतो. त्याचा रेटा 1 मायक्रॉनच्या कणावर गुरुत्वाच्या दहाव्या भागाएवढा, 10 मायक्रॉनवर जेमतेम हजाराव्या.

गंमत अशी, की गुरूपाशी हे क्षेत्र जवळजवळ पूर्ण आडवं गुंडाळलेलं असतं. त्यामुळे रेटा बसतो वर-खाली. एल4 भोवतीच्या हेलकाव्यांना फारसा धक्का नाही. हलतात ते कक्षेचे पात, म्हणजे माझ्या 3 मायक्रॉनच्या कणाचे राहू-केतू: त्याची कललेली कक्षा गुरूच्या कक्षेची पातळी जिथे छेदते ते दोन बिंदू. 10 अंश कललेल्या कक्षेत एका फेरीला सुमारे 15 अंश मागे! रात्री बारा वाजता मित्रांच्या ग्रुपवर आलेख टाकला. सकाळी एकाने विचारलं, "सूर्याची ध्रुवता कधी उलटवलीस?"

उलटवलीच नव्हती. सूर्याचे चुंबकीय ध्रुव साधारण 11 वर्षांनी अदलाबदल करतात, आणि रेट्याची दिशाही उलटते. ते घातल्यावर पात मागे जातात, पुन्हा पुढे येतात; बरीचशी वजाबाकी होते. पूर्ण नाही, कारण 11 आणि 11.86 जुळत नाहीत, आणि प्रत्येक पालट कक्षेत वेगळ्या जागी गाठतो. हा उरलेला सरकाव खरा की आकडेमोडीचा, त्यावर आठवडा गेला. गणिताचा कालटप्पा निम्मा करूनही तेवढाच राहिला.

सूर्याचं विषुववृत्त आतापर्यंत मी न कललेलं धरलं होतं. आज 7.25 अंशांचा कल घालून लाख वर्षांची आकडेमोड लावली. इन्व्हर्टरची बॅटरी भरून ठेवलीय.